मदत हवी आहे: अंडरसाइड काउचिंग करताना सोनेरी जर उकलते

चर्चमधल्या वेदीच्या पुढच्या पडद्यासाठी 20 बाय 20 सेंमीचा नमुना चालू आहे, 13व्या-14व्या शतकातल्या इंग्लंडच्या ओपस अँग्लिकानम या भरतकामाच्या पद्धतीचा. चेहरे आणि हात रेशमी स्प्लिट टाक्यात (प्रत्येक टाका आधीच्या टाक्याचा धागा दुभंगून घेतलेला) नीट बसले. अडचण सोनेरी पार्श्वभूमीची, ती अंडरसाइड काउचिंगने भरायची आहे (काउचिंग म्हणजे जर कापडावर ठेवून दुसऱ्या दोऱ्याने टाचणे).

वर रेशीम, खाली लिनन, दोन्ही फ्रेमवर ताणलेले. जर कापडावर ठेवायची, मेण लावलेला लिननचा दोरा खालून वर काढून, जरीवरून नेऊन त्याच भोकात परत घालायचा आणि हलका हिसका द्यायचा. जरीचा बारीकसा फास मागे उतरतो. हाच फास बिजागरीसारखा वळतो, म्हणून सोन्याने भरलेला झगासुद्धा अंगावर मऊ पडायचा. टाके 2-3 मिमीवर, ओळीगणिक सरकवलेले, म्हणजे नागमोडी नक्षी उठते.

सुई एका धाग्यानेही चुकली तर फास उतरतच नाही, नुसतं वरचं काउचिंग होतं. भोक तेच असलं तरी चार-पाच टाक्यांनंतर चपटी तार उकलते आणि आतला धागा दिसतो. प्लास्टिकच्या पट्टीची नकली जर तर पहिल्याच हिसक्याला चिरते.

रेशमी गाभ्यावरची सुरतेची खरी जर वापरलेल्यांनी कृपया सांगावं: पीळ किती घट्ट हवा? लिनन इंचाला किती धाग्यांचं घ्यावं? भोक जाड सुईने आधी रुंद केलं तर विण सैल पडेल का? ओळीच्या टोकाला वळताना फास मागे ओढावा की वरच ठेवावा?

याच पद्धतीचा, इंग्लंडमधल्या स्टीपल ॲस्टनचा चर्चचा झगा पुढे कापून वेदीसाठी वापरला गेला. अशा कामाच्या मागच्या बाजूचे जवळून काढलेले फोटो असतील तर फार उपयोग होईल.