भाचीला (वय १४, ऑटिझम) काही दिवस सांभाळायचं आहे. वहिनींकडून काय काय समजून घेऊ?

गोदाकाठ
नमस्कार. पुढच्या महिन्यात वहिनींचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन आहे, पोटावर छेद घेऊन. भाऊ कंपनीत शिफ्टमध्ये असतो. भाची बोलून मागत नाही, हाताला धरून नेते. मध्येच टीव्हीवरच्या जाहिरातींची वाक्यं म्हणते. फिट्सचं औषध दिवसातून दोनदा आहे. पाळी गेल्या वर्षी सुरू झाली. तिला १० दिवस कल्याणहून नाशिकला माझ्याकडे आणावं असा विचार आहे. वहिनी म्हणतात, "काही त्रास देत नाही, वेळेवर खायला दिलं की झालं." इतकं सोपं नसणार हे मला कळतं. नेमकं काय विचारून लिहून घेऊ?

चौथा_मजला
आधी एक बदल सुचवतो. तिला नाशिकला नेऊ नका, तुम्ही कल्याणला जा. आई घरात नाही, हाच बदल तिला भरपूर आहे. त्यात घर, अंथरूण, संडास, पाण्याची चव सगळंच बदललं, तर कशाने बिनसलं हे तुम्हालाही शोधता येणार नाही. संडासाचं तर विशेष बघा. तिच्या घरी भारतीय आणि तुमच्याकडे कमोड असेल, तर ती दोन-दोन दिवस रोखून धरेल. मग पोट फुगतं, जेवण तुटतं, झोप उडते आणि घरातले म्हणतात, आईच्या आठवणीने चिडलीय.

दुसरं, वहिनींना विचारून अर्धंच हाती लागेल. १४ वर्षांत हाताला इतकी सवय झालेली असते, की आपण काही वेगळं करतोय हे आईच्या ध्यानातच येत नाही. म्हणून ऑपरेशनआधी दोन दिवस, एक शाळेचा आणि एक सुट्टीचा, वही घेऊन त्यांच्या मागे राहा. तीन रकाने आखा: किती वाजता, वहिनींनी काय केलं, का केलं. तिसरा रकाना रात्री दोघींनी बसून भरायचा. कुकरची शिट्टी व्हायच्या आत त्या तिला गॅलरीत पाठवतात का? मिक्सर ती अंघोळीला गेल्यावरच लावतात का? भात कोलमचाच लागतो का? वरणात मोहरी दिसली की ताट सरकवते का? दाराची वरची कडी कोण लावतं, आणि गॅलरीचं दार? यातलं एकही "खायला दिलं की झालं" मध्ये येत नाही.

वहीत "दात घासते" एवढंच लिहू नका. स्वतः घासते, सांगितल्यावर घासते, हात धरून घासून घ्यावे लागतात, की सगळं आपणच करायचं, यातलं नेमकं कोणतं ते लिहा. नवीन माणूस वेळ वाचावा म्हणून सगळं स्वतःच करून टाकतो आणि मुलीने वर्षभर खपून शिकलेलं तीन आठवड्यांत मागे पडतं.

शेवंती
पाळीबद्दल सविस्तर लिहिते, कारण हा भाग सांगायला घरचे संकोचतात आणि मग ऐनवेळी पंचाईत होते.

पॅड नेहमीच्याच कंपनीचं, त्याच लांबीचं हवं. वेगळ्या पॅडचा पृष्ठभाग टोचला तर ती काढून फेकेल. दोन पाकिटं आधीच आणून ठेवा. तीन-चार चड्ड्यांवर आतून पॅडची बाह्यरेषा कायमस्वरूपी मार्करने काढा, म्हणजे कुठे चिकटवायचं हे तिला दिसतं. बदलायची वेळ घड्याळावर ठेवा, साधारण दर चार तासांनी. ओलं लागतंय हे ती सांगेल यावर विसंबू नका. पॅड फक्त बाथरूममध्ये बदलायचं, आणि शब्द वहिनी वापरतात तेच वापरायचे.

मुख्य म्हणजे पहिल्यांदा हे काम तुमच्या हातून ऐन पाळीत होऊ देऊ नका. आधी कोरडं पॅड लावायचा सराव करा, वहिनी शेजारी उभ्या असताना. पहिली एक-दोन वर्षं चक्र पुढेमागे होतं, त्यामुळे तारखेवर जाऊ नका. दप्तरात दोन पॅड, एक चड्डी, एक पिशवी कायम ठेवा आणि शाळेतल्या ताईंना सांगून ठेवा.

पोटात दुखतंय हे ती कसं दाखवते, ते वहिनींना आवर्जून विचारा. हात चावणं, कपाळ आपटणं, उशी पोटाशी घेऊन वाकून बसणं यातलं काहीही असू शकतं. वेदनाशामक कोणतं आणि किती, हे तिच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. फिट्सचं औषध चालू असताना दुकानातून विचारून आणू नका.

अंघोळीचं पाणी रोज स्वतःच्या कोपराने बघा. काही मुलांना चटका उशिरा जाणवतो. बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

गोदाकाठ
मनापासून आभार. मीच कल्याणला जाते. आई कधी येणार हे तिला कसं सांगू? आणि फिट आली तर? मी कधी पाहिलेली नाही.

निळी_पाटी
"आई मंगळवारी येईल" असं सांगू नका. डिस्चार्ज दोन दिवस पुढे गेला तर दारापाशी बसून राहील आणि पुढे तुमच्या शब्दावरचा विश्वास जाईल. हॉस्पिटलच्या इमारतीचा, आतल्या पलंगाचा आणि आईचा फोटो काढा, पोस्टकार्डाच्या आकारात छापा. रोज सकाळी भिंतीवर फोटोंची एक ओळ लावायची: आजची शाळा, आत्या घरी, आई हॉस्पिटलमध्ये. आई यायच्या दिवशी सकाळी, डिस्चार्जची खात्री झाली की, शेवटचं कार्ड बदलायचं. व्हिडिओ कॉल आधी घरातल्या घरात करून बघा. काही मुलं आई दिसते पण हाती येत नाही म्हणून जास्तच कासावीस होतात. तसं झालं तर आईच्या आवाजातलं रोजचं झोपतानाचं वाक्य रेकॉर्ड करून ठेवणं बरं.

जाहिरातींच्या वाक्यांकडे दुर्लक्ष करू नका. बऱ्याचदा ते तिचं बोलणंच असतं. कोणतं वाक्य केव्हा येतं याची यादी करा: हे म्हणाली की भूक, ते म्हणाली की कंटाळा. शिवाय चित्रांवर बोट ठेवून बोलायचं, आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे मोफत ॲप मराठीत आहे. पण या गडबडीत नवीन ॲप शिकवायला घेऊ नका. शाळेत आधीपासून वापरत असेल तरच.

एक गोष्ट सांगितली की मनात दहापर्यंत मोजा. तिने हालचाल केली नाही म्हणून तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं, की तिला पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं.

उद्रेक झाला तर प्रश्न, समजूत, धमकी सगळं थांबवा. टीव्ही-पंखा बंद, बाकीचे बाहेर, तुम्ही खिडकी आणि तिच्या मध्ये. इजा होणार असेल तेव्हाच हात धरा. शांत झाल्यावर पाणी द्या, उपदेश नको. आधीच्या अर्ध्या तासात काय झालं ते वहीत लिहा. कारण बहुधा तिथेच सापडतं.

औषधपेटी
फिटबद्दल. आली की आधी घड्याळ बघा. तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, चष्मा, ओढणी काढा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवायला धावणारे शेजारी येतील, त्यांना बाजूला करा. ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिलेला असेल तर तो कुठे असतो, केव्हा आणि किती वेळा मारायचा, हे फ्रिजवर चिकटवा.

वहिनी गोळी चुरून भातात कालवत असतील तर ते डॉक्टरांना विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या चुरायच्या नसतात, औषध एकदम अंगात उतरतं. डोस चुकला तर काय करायचं तेही आधीच लिहून घ्या. दोन डोस एकदम कधीच नाही. ताप आणि जागरण यांनी फिट येण्याची शक्यता वाढते, म्हणून झोपेची वेळ पाळणं हे इथे औषधाइतकंच महत्त्वाचं.

फाइलमध्ये अपंगत्व प्रमाणपत्र, आधार, सध्याचं प्रिस्क्रिप्शन, भाऊ-वहिनींच्या सहीचं तुम्हाला अधिकार देणारं पत्र ठेवा. निरामय योजनेत नाव आहे का तेही बघा. ऑटिझमसाठी वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो.

चौथा_मजला
एक राहिलं. १० दिवस हा हिशेब चुकतोय. पोटावर छेद घेतल्यावर साधारण ६ आठवडे जड उचलणं, ओढाताण नको असते, आणि ही मुलगी तर हाताला धरून ओढूनच मागते. वहिनी घरी आल्या की ती थेट त्यांच्या अंगावर जाईल. तेव्हा खरी मदत डिस्चार्जनंतर लागणार. तुम्हाला सलग जमत नसेल तर तुमचे १० दिवस हॉस्पिटलच्या काळात घालवू नका. वहिनी हॉस्पिटलमध्ये असतील ते ३-४ दिवस भावाला रजा घ्यायला सांगा, आणि तुम्ही वहिनी घरी येतील त्या दिवसापासून राहा. तोवर "हात ओढायचा नाही, हवं त्याच्या चित्राचं कार्ड द्यायचं" हे तुम्ही, भाऊ, वहिनी तिघांनीही आत्तापासून सारखंच सुरू करा. महिनाभर मिळाला तर ते पक्कं होण्याची शक्यता चांगली आहे.