रवंथ, चिंतन की उगाळणं? एक नाम हवं आहे

अधलीमधली: एका समुपदेशक बाईंची छोटी पुस्तिका मराठीत आणते आहे. होऊन गेलेल्या गोष्टी मनात घोळवत राहण्याची सवय कशी सैल करायची, असा विषय. मूळ शब्द रुमिनेशन. मी सरळ ‘रवंथ’ लिहिलं, कारण लॅटिन शब्दाचाही मूळ अर्थ तोच आहे. बाईंनी तो खोडून वर ‘चिंतन’ लिहिलं. म्हणाल्या, आधीच खचलेल्या माणसाला गुरांच्या रांगेत कशाला बसवायचं? पण मला चिंतन पटत नाही. चिंतन करा असा उपदेश करतात. इथे तर ते थांबवायचंय! प्रश्नावलीत ‘तुम्ही किती वेळा ____ करता?’ असं वाक्य आहे आणि तोच शब्द मथळ्यांतही येतो. म्हणून नामच हवं.

कानामात्रा: गुरांचा अपमान हा मुद्दा सोडा. संस्कृत ‘रोमन्थ’वरून आपला रवंथ आला आणि काव्यात सावलीत बसलेली हरणंही तो करतात. माझी अडचण वेगळी आहे. ‘वाचलेल्याचा रवंथ करा’ असं आमचे मास्तर सांगायचे, ते कौतुकानेच. रवंथाने पचन होतं. रात्री दोन वाजता ‘मी तसं बोललो नसतो तर’ म्हणत कूस बदलणाऱ्याचं काय पचतं?

तिरकस: ओव्हरथिंकिंग म्हणा आणि मोकळ्या व्हा. ‘मी फार ओव्हरथिंक करते’ हे वाक्य रोज कानावर पडतं. ज्यांच्यासाठी पुस्तिका आहे, त्यांची भाषा हीच आहे.

अवग्रह: ‘अतिविचार’ असताना उसनवारी कशाला? सावरकरांनी सुचवलेले महापौर आणि दिनांक हे शब्दही तेव्हा लोकांना जड वाटलेच असतील. आज कुणाची जीभ अडखळते? शब्द आधी वापरावा लागतो, मग तो रुळतो.

तिरकस: त्यांचेच सगळे शब्द रुळले असं नाही ना. न रुळलेल्यांची यादी कुणी काढत नाही. आणि अतिविचार म्हटलं की मला वाटतं, विचारांचं अजीर्ण झालंय, काढा घ्या.

निळावंती: भांडण वाढण्याआधी एक. मी याच क्षेत्रात काम करते. ओव्हरथिंकिंग आणि रुमिनेशन एक नव्हे. पहिल्यात उद्याची काळजीही येते, दुसऱ्याचं तोंड बहुतेक वेळा मागे वळलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी १९९१ साली मांडलं, की उदास वाटू लागल्यावर माणूस त्या उदासीची कारणं आणि परिणाम यांच्यातच अडकून राहिला, तर ती लांबते. पुढे २००३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यातही दोन धागे वेगळे केले: एक नुसतं कुढणं, दुसरं काही उलगडेल म्हणून आत डोकावणं. बाईंचं ‘चिंतन’ या दुसऱ्याला शोभेल, पहिल्याला नाही. शब्द चुकला तर वाचणाऱ्याला वाटेल, आपण करतो ते बरंच आहे.

रानवारा: मग ‘कुढणं’ घ्या की! आजी म्हणायची, “आत आत कुढू नको, एकदा काय ते बोलून टाक.” याहून नेमका शब्द कुठला?

कानामात्रा: कुढण्यात न बोललेली तक्रार असते, आणि ती बहुधा दुसऱ्याबद्दल. सासूवर, साहेबावर, नशिबावर कुढतात. स्वतःच्याच जुन्या चुकीची उलटतपासणी चालू असते तेव्हा मी ‘कुढतोय’ म्हणणार नाही. ‘मन खातंय’ म्हणेन.

अवग्रह: कुढणं ‘क्रुध्’शी नात्यातलं असावं असा माझा अंदाज आहे. गिळलेला राग.

कानामात्रा: अंदाज गोड आहे. पण नुसतं ध्वनिसाम्य बघून सोयरीक जुळवायची म्हटलं तर कुठलाही शब्द कुठल्याही धातूच्या घरात नांदवता येतो.

रानवारा: बरं, कुढणं राहू दे. ‘उगाळणं’? कोळसा उगाळावा तितका काळाच.

तिरकस: चंदनही उगाळतात, ताई.

निळावंती: उगाळण्यापेक्षा मला त्याच्यामागे येणारं क्रियापद महत्त्वाचं वाटतं. ‘विचार करतो’ आणि ‘विचार करत बसतो’ यांत काय फरक आहे बघा. उगाळत बसणं, आठवत बसणं, कुढत बसणं. त्या ‘बसणं’मध्येच आलं, की वेळ जातोय आणि हाती काही लागत नाहीये. दुसरी जोडी: ‘मला विचार येतात’ आणि ‘मी विचार करत बसतो’. पहिल्यात माणूस कर्ता नाही, विचार न विचारता घरात शिरतो. दुसऱ्यात त्याला बसायला पाट आपण मांडतो. लोकांशी बोलताना मला हा फरक फार उपयोगी पडतो. येणं हातात नाही, बसणं थोडंफार आहे.

अधलीमधली: हे सुंदर आहे. पण ‘तुम्ही बसता’ म्हटलं की दोष दिल्यासारखं होतं ना? घरी ‘काय विचार करत बसलीयस’ हे रागावूनच म्हणतात.

निळावंती: खरंय, तो खडा त्यात आहेच. म्हणून ‘विसरून जा’, ‘सोडून दे’, ‘मनाला लावून घेऊ नको’ ही वाक्यंही मी टाळते. डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल येतच राहिलं. नंतर मोकळीक दिल्यावर तर आधी दाबून ठेवणाऱ्यांकडे ते जास्तच आलं. त्यापेक्षा बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काळजीसाठी सुचवलेली रीत मला आवडते: रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास काळजीलाच द्यायचा. एरवी ती आली तर त्या वेळेवर ढकलायची. ‘जा’ म्हणायचं नाही, ‘संध्याकाळी ये’ म्हणायचं. जुन्या गोष्टी उगाळणाऱ्यांनाही मी हेच करून बघायला सांगते. संध्याकाळ झाली की पुष्कळांना सांगण्यासारखं फार उरत नाही. काहींना उरतं, त्यांचं काम वेगळ्या वाटेने करावं लागतं.

रानवारा: आणि प्रश्न कुठला विचारतो तेही. ‘माझ्याच बाबतीत असं का?’ याला तळ नाही. ‘त्या दिवशी नेमकं काय झालं आणि आता काय करता येईल?’ याला निदान किनारा आहे.

निळावंती: अगदी. एडवर्ड वॉटकिन्स यांचं काम याच ‘का’ आणि ‘कसं’च्या फरकावर आहे. मोघम ‘का’कडून ठोस ‘कसं’कडे माणसाला वळवायचं.

पैलतीर: उशिरा आलो. सगळे लॅटिन आणि इंग्रजीकडे कशाला धावताय? पालीत शब्द तयार आहेत. ध्यानाच्या आड येणाऱ्या पाच नीवरणांपैकी चौथं उद्धच्च-कुक्कुच्च. त्यातलं कुक्कुच्च म्हणजे केल्या-न केल्याची टोचणी. शिवाय ‘पपंच’, म्हणजे एका विचारातून दुसरा, दुसऱ्यातून दहा असा मनाचा पसारा. तोच आपला प्रपंच!

तिरकस: ‘तुम्ही किती वेळा प्रपंच करता?’ छापा. उत्तरं वाचायला मला बोलवा.

अवग्रह: हसण्यावारी नेऊ नका. पसारा हा मूळ अर्थ मराठीत संसाराला चिकटला, एवढंच. परत आणता येईल.

कानामात्रा: अर्थ असे परत आणता येत नसतात. लोकांनी पसारा संसारात पाहिला, तिथेच तो राहिला. शब्दाला मूळ गावी परत पाठवण्याचा हट्ट कुणासाठी?

अवग्रह: मग कोशच कशाला हवेत?

कानामात्रा: लोक काय बोलतात ते कळायला.

अधलीमधली: माझं नाम राहिलंच. सध्या मथळ्यात ‘मनात घोळणारा भूतकाळ’ टाकलंय आणि प्रश्नावलीत ‘मागचं आठवत बसणं किती वेळा होतं?’. ‘तुम्ही’ काढल्यामुळे दोषही जातो. बाईंना दाखवते. रुखरुख, चुटपुट, खंत यांचा विचार केला होता, पण ते सगळे भावनेचे शब्द आहेत, कृतीचे नाहीत.

पैलतीर: ‘सल’ही भावनेचाच, पण बघा. शल्यवरून पाली सल्ल, म्हणजे बाण. एका सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशात, दृष्टांत आहे: दुःखाचा एक बाण लागतो, आणि त्यावर शोक करणाऱ्याला जणू दुसराही लागतो. तुमच्या बाईंना हा दुसरा बाण सांगून पाहा. पुस्तिकेत ‘मनातली सल’ असं एक प्रकरण करता येईल.

अवग्रह: मनातला सल. पुल्लिंगी.

पैलतीर: आमच्याकडे ‘ती सल’च म्हणतात.

अवग्रह: म्हणत असतील. पुल्लिंगी आहे.

रानवारा: मी दोन्ही ऐकलंय. छोटी असेल तर ती, मोठा असेल तर तो.

कानामात्रा: हा नियम तुम्ही आत्ता केलात ना?