वर्गातला व्हिडिओ कॉल : आधी तयारी किती करायची?

पाचवीच्या बाई (जि. प. शाळा)
आमच्या पाचवीच्या मुलांचा कोकणातल्या एका शाळेशी कॉल ठरवतेय. इकडे ज्वारीची काढणी, तिकडे आंब्याला मोहोर. मुलांनीच एकमेकांना विचारायचं. माझं ठाम मत, मुलांच्या हाती ना फोन, ना लिंक. एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, खातं माझं. तिकडच्या बाई फोनवर "आलो" म्हणाल्या की मगच वेटिंग रूममधून (कॉलबाहेरची थांबायची जागा) आत घेणार आणि मीटिंग लॉक करणार, म्हणजे नंतर कुणी शिरणार नाही. आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात आम्ही दोघी कॉल लावून बघू. कॅमेऱ्यात मागच्या भिंतीवरचा मुलांच्या नावांचा तक्ता दिसायला नको. एवढं पुरेल ना?

एक पालक
नाही पुरणार, बाई. माझ्या मुलीच्या वर्गातल्या कॉलचा स्क्रीनशॉट आधी शाळेच्या ग्रुपवर आला, मग गावाच्या, मग कुणाकुणाच्या स्टेटसला. बिल्ल्यावर शाळेचं नाव, खाली तिचं नाव. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पण आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानेही 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. लेखी होकार नसेल तर कॅमेरा मुलांकडे वळवूच नका.

माध्यमिक शिक्षक, बीड
इथे मी विरोधात. आमच्याकडे निम्मे आईबाप ऊसतोडीला गेलेले. आजीचा अंगठा घेतलेला कागद कुणाचं रक्षण करतो? डिसले गुरुजींनी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या मुलांना स्काइपवरून जग दाखवलं, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज मिळवला. कागदांच्या धाकाने शिक्षक कॉलच टाळू लागले, तर नुकसान खेड्यातल्या मुलांचंच.

एक पालक
सर, फडावरच्या आईला फोन लागतो की. "तुमचं लेकरू पडद्यावर दिसेल, चालेल का?" एवढंच विचारा. मला कागद नकोय, विचारणं हवंय.

संगणक शिक्षक
तुम्ही दोघं घुसखोरीला फार हलकं घेताय. एप्रिल 2020 मध्ये सिंगापूरला भूगोलाच्या ऑनलाइन तासात परकी माणसं शिरली, मुलींसमोर अश्लील चित्रं आली आणि तिथल्या शिक्षण मंत्रालयाने शिक्षकांचा झूमचा वापर काही काळ थांबवला. झूमने त्याच महिन्यात पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. बाई, स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे, म्हणजे कॉल लावणाऱ्या तुमच्याकडेच ठेवा. तुम्ही मुलांशी बोलाल तेव्हा लॅपटॉपजवळ दुसरं कुणीतरी उभं हवं. भलतंच दिसलं तर माउस शोधत बसायचं नाही, थेट प्रोजेक्टरची केबल उपटायची. आणि "मला ते बघून कसंतरी वाटलं" असं सांगणाऱ्या पोराला कुणी ओरडू नका. हे मला सगळ्या सेटिंगांहून मोठं वाटतं. चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर फळ्यावर कायम असू द्या.

पाचवीच्या बाई
केबलचं लक्षात ठेवते, शेजारच्या वर्गाच्या सरांना उभं करते. रेकॉर्डिंग नाही, फोटो नाही, हे तिकडच्या बाईंनाही आधीच सांगते. पण ज्यांचा होकार नाही त्या मुलांना वेगळं बसवायला माझं मन होत नाही. त्यापेक्षा कॅमेरा टेबलावरच्या कणसांवर ठेवते, बोलणारी मुलं कॅमेऱ्यात न दिसता बाजूने बोलतील.

एक पालक
आवाज चालेल. फक्त नावाने हाक मारू नका.

माध्यमिक शिक्षक, बीड
अहो, चेहराच दिसला नाही तर कोकणातली मुलं बोलली कुणाशी? कणसांशी?

पाचवीच्या बाई
सर, हेच मलाही टोचतंय. शनिवारी पालकसभेत प्रोजेक्टर लावून आमचा दोघींचा कॉल पालकांनाच दाखवते आणि मग विचारते. फडावरच्यांना उद्यापासून फोन करते.