मॅट व्हार्निश मारलं आणि सगळे सैनिक पांढुरके पडले, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तीन महिने खपून रंगवलेले बारा शिपाई काल एका संध्याकाळीत राख फासल्यासारखे झालेत. रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून आधी हा धागा काढतेय.

२८ मिमीच्या प्लास्टिकच्या मूर्ती आहेत, १८१५ सालच्या फ्रेंच लाइन इन्फन्ट्रीच्या, म्हणजे पायदळाच्या. गर्द निळा कोट, छातीवर पांढरे लेपल (कोटाच्या दुमडलेल्या कडा), लाल कॉलर, डोक्यावर काळी शाको, म्हणजे उंच नळकांड्यासारखी टोपी. रंग सगळे ॲक्रिलिक, वर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), मग उंचवट्यांवर फिकट रंगाचे हायलाइट. दोन दिवस वाळू दिले. काल स्प्रे कॅनमधलं मॅट व्हार्निश मारलं आणि घोळ झाला.

आता खरं तेच सांगते. पाऊस नुकताच थांबला होता आणि मी गॅलरीत उभी होते. कॅन हलवला, पण दहा-बारा झटक्यांपलीकडे नाही. अंतर हातभर. पहिला हात लागलाच नाही असं वाटलं म्हणून लगेच दुसरा मारला, आणि मोह आवरेना म्हणून तिसराही. ओलं होतं तोवर झकास दिसत होतं. अर्ध्या तासाने आत आणून दिव्याखाली धरले आणि पोटात खड्डाच पडला.

पुढच्या रांगेतल्या कॉर्पोरलचं सांगते, कारण तो माझा लाडका. कोटाच्या चुण्यांमध्ये पीठ सांडल्यासारखं पांढरं बसलंय. शाकोच्या सपाट माथ्यावर बोट फिरवलं तर बारीक पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. निळ्याचा झालाय धुरकट जांभळट-करडा. गंमत म्हणजे लेपल आणि छातीवरचे आडवे पट्टे मुळात पांढरे, तिथे काहीच बिघडलेलं दिसत नाही. नखाने खरवडून पाहिलं, निघत नाही. ओल्या ब्रशने कोटावर पाणी लावलं तर जुना निळा जसाच्या तसा परत आला! पाच मिनिटांत वाळला, पुन्हा राख.

यातून रंग वाचेल का? ऑलिव्ह तेल चोळा असं एकाने सांगितलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने व्हार्निश पुसून काढ असं दुसऱ्याने. हात लावायची हिंमत होत नाहीये.

प्रतिसाद १

आधी ते अल्कोहोल कपाटात ठेवून द्या. ॲक्रिलिक रंग काढायला लोक तेच वापरतात. व्हार्निशबरोबर तुमचा कॉर्पोरलही पुसला जाईल.

पाण्याने रंग परत आला ना, मग निम्मी काळजी मिटली. रंग खाली शाबूत आहे, फक्त वरचा थर खडबडीत झालाय. मॅट व्हार्निशमध्ये सिलिकासारखी बारीक पूड असते. तिच्यामुळे पृष्ठभागावर सूक्ष्म उंचसखलपणा येतो, उजेड विखुरतो आणि चकाकी मरते. हेच प्रमाणाबाहेर झालं की पांढरं दिसतं. पाणी त्या खळग्यांत भरतं, उजेड सरळ रंगापर्यंत पोचतो. आता हेच काम कायमचं करायचं. त्यासाठी पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक ग्लॉस व्हार्निश घ्या आणि ब्रशने लावा. एक पातळ हात, दिवसभर वाळू द्या, लागलं तर दुसरा. चुण्यांमध्ये साचू देऊ नका, साचलं तर कोरड्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्या.

मूर्ती तेल लावलेल्या पहिलवानासारखी चमकेल. घाबरू नका. पूर्ण वाळल्यावर वरून मॅटचा एकच हलका हात द्यायचा. आणि हे सगळं आधी एकाच शिपायावर, तेही मागच्या रांगेतल्या.

प्रतिसाद २

तेलाचा उपाय अगदीच थाप नाही. तेलही खळगे भरतं, म्हणून लगेच फरक दिसतो. पण ऑलिव्ह तेल वाळत नाही. धूळ धरतं, आणि त्याच्यावर पुढचं व्हार्निश नीट बसत नाही. या मूर्ती हाताळायच्या असतील तर मी त्या वाटेला जाणार नाही.

प्रतिसाद ३

उपाय वर आलाच आहे, मी कारणाबद्दल बोलतो, नाहीतर पुढच्या तुकडीचंही हेच होईल.

मला यात एकाहून जास्त चुका दिसतात. खरखरीत लागतंय म्हणजे फवारा लांबून मारला गेला. थेंब हवेतच अर्धे वाळले आणि धुळीसारखे येऊन बसले. २० ते ३० सेंमी पुरे. चुण्यांमधलं पीठ वेगळं, ते लागोपाठ तीन हातांचं. जादा व्हार्निश खाली ओघळलं आणि पूड तिथे साठली. शिवाय कॅन नीट हलवलेला नसेल तर पूड तळाशी राहते आणि कधी कमी, कधी जास्त बाहेर येते. आतली गोळी खुळखुळायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवायचा, हात भरून आला तरी.

राहिली दमट हवा. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर दहिवरासारखी धरते आणि थरात अडकते. पाऊस नुकताच थांबलेला असताना स्प्रे म्हणजे संकटाला आवतण. अशा दिवशी मी ब्रशनेच मॅट लावतो. वेळ जातो, पण झोप लागते.

धागाकर्तीचा प्रतिसाद, चार दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. मागच्या रांगेतल्या एकावर ग्लॉस लावला. ब्रश जिथून फिरत होता तिथून निळा उघडा पडत होता, काचेवरची वाफ पुसावी तसा. मग धीर करून कॉर्पोरलला घेतलं. दोन हात लागले. काल ब्रशने मॅट लावलं, आणि संगिनीचं पातं व शाकोवरची पितळी पट्टी मुद्दाम वगळली. धातूची चमक राहिली त्यामुळे आधीपेक्षाही बरा दिसतोय, असं माझं मत.

एक अडलंय. डाव्या काखेखालच्या चुणीत पांढरा ठिपका अजून आहे. ग्लॉस दोनदा देऊनही हलला नाही.

प्रतिसाद १

तिथे पूड गठ्ठ्याने बसलीय, ग्लॉस आतपर्यंत मुरणार नाही. मूळ निळा पाण्याने पातळ करून बारीक ब्रशने त्या चुणीत सोडा, वाळला की वर मॅटचा ठिपका. काखेखालचं कोण बघतंय!

धागाकर्ती

मी बघते ना. रंग काढलाय, बसतेच आता. उरलेले दहा रविवारी.