घटस्फोटानंतर कॉलेजातला 'तो' परत आलाय, मैत्रिणीला काय सांगावं?

मांजराकाठची
माझी लातूरची जिवाभावाची मैत्रीण. दोघांच्या संमतीनं फारकत होऊन वर्ष झालं, पोरगं चौथीत, माहेरी राहती, पतसंस्थेत नोकरी करती. अंबाजोगाईला कॉलेजात असताना एकावर जीव होता, जात आडवी आली आन मामानं घाईघाईत स्थळ बघून हिचं उरकून टाकलं. आता तोच नांदेडहून रोज रात्री फोन करायलाय. त्याचंबी बायकोशी पटत नाही, कोर्टात केस चालूय म्हणतो. ही मला विचारायलीय पुढं जाऊ का नको. मी म्हणलं जा, एकदा दुसऱ्यांच्या मर्जीनं संसार करून बघितलास ना. तर आमच्या बाकीच्या मैत्रिणी माझ्यावरच तुटून पडल्यात. तुम्ही काय सांगितलं असतं?

गंगाखेडकर
केस चालूय म्हणजे तो आजच्या तारखेला कुणाचातरी नवराच आहे. निकालाच्या आत लग्न केलं तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं ते लग्नच धरत नाहीत, वर गुन्हा, पहिलं दंड संहितेचं कलम ४९४ होतं आता न्याय संहितेचं ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. कशाला पोरीला खड्ड्यात ढकलायलात?

बीडची_ताई
लग्नाचं कोण बोललं हो, फोनवर बोलायलेत दोघं. आपल्याकडं बाप्याची फारकत झाली की महिन्याभरात स्थळं यायला लागतात, आन बाईला म्हणायचं पोराकडं बघून दिवस काढ. आमच्या आजीच्या पिढीत कित्येक जातीत फारकत घेऊन पाट लावायचे, कुणाला काही वाटत नव्हतं, लाज आता शिकलेल्यांनाच जास्त यायलीय.

उदगीर_एक्सप्रेस
पाट लावायचे ते पहिलं मोडून, अर्धं मोडून नाही. आन एक सांगा, मामानं लग्न ठरवलं तेव्हा हा हिरो कुठं होता? बायकोशी वाजल्यावर जुनी आठवण येणारे लई बघितलेत. घरी जेवायला कुणी वाढंना की फोन सुरू.

मांजराकाठची
आला होता की घरी. तेव्हा ना नोकरी ना काही, मामानं दारातूनच पिटाळला. उगं माहिती नसताना बोलू नका.

काळा_कोट_परभणी
कोर्टात रोज हेच बघतो म्हणून लिहितो. दोघं सज्ञान आहेत, व्यभिचाराला गुन्हा धरणारं कलम ४९७ सुप्रीम कोर्टानं २०१८ लाच रद्द केलंय, त्यामुळं जेलबिल काही नाही. पण व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण अजून आहेच, म्हणजे त्याच्या बायकोचा वकील हिचं नाव केसमधी ओढू शकतो, रात्रीचे मेसेज सगळे कोर्टापुढं. आन हिला महिन्याची पोटगी चालू असंल तर पुढं लग्न केल्यावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली ती बंद करा म्हणून पहिला नवरा अर्ज देऊ शकतो, ते आधीच धरून चाला. खरं विचारायचं ते हे की केस कुठल्या कलमाखाली आहे? संमतीची १३ ब असंल तर अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, तेबी माफ करता येतात असं २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. भांडणाची असंल तर वर्षानुवर्षं तारखा. त्याला सरळ सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टानं प्रत्येक केसला दिलेला नंबर, मागा, १६ अक्षरी असतो, ई-कोर्ट्स ॲपवर टाकला की केस आहे का नाही, पुढची तारीख कधी, सगळं दिसतं.

बीडची_ताई
वा वकीलसाहेब! इतक्या वर्षांनी माणूस प्रेमानं बोलायलाय आन हिनं त्याला केस नंबर विचारायचा? उद्या आधार कार्डबी मागा.

गंगाखेडकर
मागावंच. घर भाड्यानं देताना मागतोच की आपण.

नांदेडचा_पाहुणा
मला विचाराल तर दोघांनी भेटावं, पण उजेडी. ती त्याला ओळखते म्हणताय तो कॉलेजातला पोरगा होता, आता चाळिशीच्या घरातला बाप्या आहे, पितो का, कर्ज किती, आईवडील कुणाकडं, चिडला की काय करतो, हे रात्रीच्या फोनवर कसं कळणार, फोनवर तर सगळेच गोड. आन पोराला एवढ्यात मधी आणू नका, 'काका' म्हणून घरी बसवायचं आन चार महिन्यांनी काका गायब, असं दोन घरांत बघितलंय.

उदगीर_एक्सप्रेस
पोराचा विषय निघायला एवढा वेळ लागला म्हणजे कमालय.

मांजराकाठची
तिला हे सगळं वाचून दाखवलं. चिडली आधी, मग तिनंच त्याला नंबर मागितला. वकिलाला विचारून सांगतो म्हणला.

गंगाखेडकर
बघा! केस टाकली की नंबर मिळतोच, त्यात विचारायचं काय?

बीडची_ताई
अहो कामावर असंल माणूस, दोन दिवस तर थांबा. सगळ्यांना कागद काय खिशात घेऊन फिरायची सवय नसती.

काळा_कोट_परभणी
नंबर नसला तरी चालतं. ॲपवर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावानंबी शोधता येतं. नाव तर माहितीय ना?