मदत हवी आहे: आईच्या लेगिंग्ज मऊ राहाव्यात म्हणून कशा धुवाव्या, कशा वाळवाव्या?

जास्वंद:
नमस्कार मंडळी. आईसाठी विचारते आहे. ती आयुष्यभर साडी नेसत आली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर निऱ्या सावरत जिना उतरणं कठीण होऊ लागलं, तेव्हापासून कुर्ता आणि लेगिंग घालते. आता तिला तेच आवडतं, बाहेर पडायचा उत्साहही परत आलाय. अडचण आहे ती कापडाची. वयामुळे तिची कातडी पातळ आणि कोरडी झाली आहे. लेगिंग जराशी खरखरीत झाली तरी पोटऱ्यांना आणि गुडघ्यामागे खाज सुटते, चट्टे उठतात.

दुकानात हात फिरवून अगदी मऊ बघून घेतल्या आहेत. काही मोडालच्या, काही व्हिस्कोज-लायक्रा (मोडाल आणि व्हिस्कोज हे लाकडाच्या लगद्यापासून केलेले मऊ धागे, लायक्रा म्हणजे ताणणारा धागा), रोजच्या वापराला कॉटन-लायक्रा. नव्या असताना सुरेख वाटतात. थोड्याच धुण्यांत कडक होतात. व्हिस्कोजच्यांवर मांडीशी गोळे येतात, कमरेची पट्टी सैल पडते.

धुण्याची पद्धत अशी: रोज मावशी मोरीत धुतात. पावडरीत भिजवणं, वडी लावून ब्रश मारणं, मग घट्ट पिळणं. वाळायला गॅलरीत दोरीवर, कमरेला चिमटे लावून. मध्यंतरी सॉफ्टनर वापरून बघितला. पहिल्यांदा मऊ लागलं, पुढे कापड बुळबुळीत वाटायला लागलं आणि त्या वासाने आईला शिंका सुरू झाल्या, म्हणून बंद केला.

नेमकं कुठे बिघडतंय? आणि आता पावसाळ्यात या वाळवायच्या कशा? प्लीज सांगा, आईने पुन्हा घरात बसून राहायला नकोय मला.

लोकलवाली:
जास्वंद, माझ्या ऑफिसच्या लेगिंग्ज मशीनलाच लावते, पण उलट्या करून आणि जाळीच्या पिशवीत घालून. जीन्सची चेन किंवा ब्लाउजचे हूक त्यात अडकले की धागा खेचला जातो आणि तिथूनच कापड जायला लागतं. गोळे येतात ते घासण्याने. रोज विरारहून गर्दीत प्रवास करणाऱ्या आम्हा बायकांच्या मांडीशी ते आधी दिसतात. उलटी करून धुतली की धुण्यातलं घर्षण तरी आतल्या बाजूला जातं. काळ्या-निळ्या असतील तर पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो.

कपाशी:
मिठाबद्दल थोडं वेगळं सांगते, माटुंग्याला टेक्स्टाइल शिकले आहे म्हणून. सुती कापड रंगवताना मीठ लागतं हे खरं, पण ते कारखान्यात. रंगून, शिवून घरी आलेल्या कपड्याचा रंग मिठाने पक्का होत नाही. सुटणारा जादा रंग पहिल्या काही धुण्यांत निघून जाऊ द्यायचा, तोवर वेगळं धुवायचं, इतकंच.

जास्वंद, पुढचं सांगण्याआधी एक विचारते. मोरीच्या नळाला पाणी कुठलं येतं? महापालिकेचं, की बोअरवेलचं?

जास्वंद:
गोरेगाव पूर्वेला राहतो. प्यायचं आणि स्वयंपाकाचं महापालिकेचं. वापरायला बोअरवेलचं, उन्हाळ्यात टँकरचंही. तोटीवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो खरा. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

कपाशी:
आहे, आणि मला वाटतं तुमच्या त्रासाचं मूळ तिथेच आहे. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतून येणारं पालिकेचं पाणी बरंच हलकं असतं. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. साध्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तो या क्षारांशी मिळाला की खडूचे बारीक कण तयार होतात आणि धाग्यांमध्ये अडकतात. त्यात फेस येत नाही म्हणून आपण आणखी पावडर टाकतो, आणि वडीतही खनिजांची भर असते. हे सगळं थोडं थोडं साठतं आणि कापड कडक होतं. आईंच्या कातडीला टोचतं ते बहुधा हेच.

आधी साठलेलं काढा. अर्धी बादली पालिकेचं पाणी, त्यात अर्धी वाटी साधं पांढरं व्हिनेगर, लेगिंग पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा, मग दोनदा खळबळा. हे रोज करायचं नाही, अधूनमधून. व्हिनेगर ब्लीचच्या पाण्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

रोजच्यासाठी पावडर-वडी सोडा. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतं तसलं सौम्य लिक्विड घ्या, इझी किंवा तत्सम, अर्ध्या बादलीला एक लहान चमचा पुष्कळ झाला. पाणी नळाचं गार. आपल्याकडे गीझरच्या पाण्याची गरज नाही आणि लायक्राला उष्णता सोसत नाही. दहा मिनिटं भिजवा, हाताने दाबून दाबून साबण आत-बाहेर होऊ द्या. शेवटचं खळबळणं तरी पालिकेच्या पाण्यात करा, एक बादली बाजूला भरून ठेवता आली तर बघा. सॉफ्टनर बंद केलात ते उत्तम. तो धाग्यावर थर चढवतो, मग घाम नीट शोषला जात नाही. नाजूक कातडीला त्याचा सुगंधही नको.

पिळणं मात्र आजपासून बंद. व्हिस्कोज ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. त्याच वेळी आपण त्याला पीळ देतो आणि ब्रश मारतो, मग गोळे येणारच. मोडाल ओलेपणी व्हिस्कोजपेक्षा बरंच टिकाऊ असतं, सुती कापड तर ओलं असताना अधिकच मजबूत. म्हणजे पुढची खरेदी करताना व्हिस्कोज टाळलंत तर निम्मी काळजी मिटेल. लायक्रा म्हणजे पॉलियुरेथेनचा धागा, तो गरम पाण्याने, कडक उन्हाने आणि ब्लीचने थकतो. कंबर सैल पडते ती त्यामुळे. एकच लेगिंग सलग दोन दिवस घालू नये, ताणलेल्या धाग्याला मूळ जागी यायला वेळ द्यावा.

गिरगावकर:
पावसाळ्यातल्या वाळवण्याबद्दल मी लिहितो, आमच्या चाळीतल्या खोलीत गॅलरी नाही, त्यामुळे हा विषय जवळचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. बाहेर दोरीवर टाकून काही होत नाही. कापड तासन् तास ओलं राहिलं की त्यात जिवाणू वाढतात, तो कुबट वास त्यांचाच. म्हणून वाळायला टाकण्याआधीच जास्तीत जास्त पाणी काढायचं. कोरडा जाडसर टॉवेल पसरा, त्यावर लेगिंग सपाट ठेवा, दोन्हींची एकत्र गुंडाळी करा आणि हाताने किंवा गुडघ्याने दाबा. टॉवेल इतकं पाणी ओढतो की बघून आश्चर्य वाटेल.

मग घडीच्या स्टँडवर, पंख्याखाली. दोन कपड्यांत हातभर जागा सोडा, दाटीत हवा फिरत नाही. एसी असेल तर ड्राय मोडवर खोली बंद करून ठेवा, वाळणं बरंच लवकर होतं.

जास्वंद:
टॉवेलची युक्ती आजच करते. स्टँडवर टाकायची कशी पण? कमरेला चिमटे लावले की तिथे खुणा पडतात. आणि आमच्या जुन्या सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर वापरू का? लेबलवर चौकोनात गोल काढून त्यावर फुली आहे.

कपाशी:
ती फुली गरम हवेच्या ड्रायरसाठी आहे. सेमी ऑटोमॅटिकमधला ड्रायर फक्त गरगर फिरवून पाणी काढतो, उष्णता देत नाही. जाळीच्या पिशवीत घालून एखादं मिनिट फिरवलंत तर चालेल. हाताने पिळण्यापेक्षा ते कापडाला सोपं जातं.

स्टँडवर मधोमध दुमडून टाका, कंबर एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. शक्य असेल तर दोन दांड्यांवर भार विभागा. ओलं जड कापड एका टोकाला लटकलं की लांबत जातं. टाकण्याआधी एकदा झटका आणि वाळल्यावर पुन्हा. सुती धागे स्थिर हवेत वाळताना एकमेकांना चिकटून बसतात, वाळलेली लेगिंग पापडासारखी वाटते ती त्यानेही. झटकून, दोन्ही हातांत थोडी चोळली की लगेच मऊ पडते. इस्त्री शक्यतो नकोच.

आंबोली:
आमच्याकडे रिठ्याचं पाणी वापरतो, आजीपासून. रात्री चार-पाच रिठे भिजत घालायचे, सकाळी चोळून गाळून घ्यायचं. फेस कमी येतो पण कापड मऊ राहतं. फिकट रंगांवर किंचित पिवळसर छटा येते, म्हणून गडद कपड्यांनाच. तुमच्या आईंना मात्र आधी एका लेगिंगवर करून बघा, काहींना रिठाही सोसत नाही. आणि चट्टे राहिले तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच. पायांना मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावत असाल तर ते नीट जिरल्यावरच लेगिंग घालावी. तेलकटपणा या कापडात बसला की सौम्य साबणाने निघत नाही.

जास्वंद:
एक नाजूक प्रश्न. मावशी फार वर्षं आहेत आमच्याकडे, मनापासून काम करतात. ब्रश मारून स्वच्छ धुणं हा त्यांचा अभिमान आहे. त्यांना वाईट न वाटता कसं सांगू?

लोकलवाली:
आईंनाच बोलू द्या ना त्यांच्याशी. पायावरचे चट्टे दाखवून सांगितलं तर त्यांना लगेच कळेल. लेगिंग्जची बादली वेगळी ठेवा, आतलं लिक्विड तुम्हीच मोजून घाला. त्यांनी फक्त दाबून खळबळायचं आणि टॉवेलवर ठेवायचं. घासणं-पिळणं वाचतं, म्हणजे त्यांच्या मनगटांचेही कष्ट कमी.

जास्वंद:
सगळ्यांचे खूप आभार. मोडालची एक लेगिंग व्हिनेगरच्या पाण्यात ठेवली होती, पाणी चक्क गढूळ झालं. टॉवेलमध्ये दाबून पंख्याखाली टाकली, पाऊस असूनही संध्याकाळपर्यंत वाळली. नवी होती तशी नाही, पण हाताला फरक स्पष्ट लागतोय. आई आज तीच घालून खाली बागेत गेली आहे. मावशींशीही ती स्वतः बोलली, त्यांनी वेगळी बादली मागून घेतली.

गोळे आलेल्या व्हिस्कोजच्यांचं काय करता येईल?

कपाशी:
गोळे काढायचं बॅटरीवरचं छोटं मशीन मिळतं, कापड सपाट ताणून हलक्या हाताने फिरवा. ब्लेडने खरवडू नका, भोक पडतं. पण एकदा विरलेलं कापड पुन्हा गोळे धरतंच, त्यामुळे त्या आईंना घरात रात्री घालायला ठेवा आणि बाहेरसाठी मोडाल किंवा कॉटन-लायक्राच घ्या.