मदत हवी आहे : हिरव्या गोळ्यांचा विनोद दाजींना कसा समजावू?
मंडळी, मी खानापूरची. 'एक्सकेसीडी' या इंग्रजी वेबकॉमिकमधलं जेली बीन्सचं (रंगीत गोड गोळ्यांचं) चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं. त्यात शास्त्रज्ञ 20 रंगांच्या गोळ्यांनी मुरुमं येतात का ते तपासतात. 19 निर्दोष, एकट्या हिरवीचा मुरुमांशी संबंध 'सिद्ध', आणि पेपरात मोठ्ठा मथळा! निपाणीच्या दाजींनी लगेच अर्थ लावला, "म्हणजे शास्त्रज्ञांनाच काय कळत नाही ओ. उद्यापासून हिरवी मिरची बंद, कुंदा चालू!" खाली हसऱ्या तोंडांची रांग.

प्रत्येक तपासणीत 5 टक्के चुकीला जागा असेल, तर 20 वेळांत निदान एकदा तरी नसलेला संबंध निव्वळ योगायोगाने दिसून फसण्याची शक्यता जवळपास 64 टक्के, हा हिशेबही दिला. दाजी म्हणाले, "आकडे नकोत." पत्त्यांचा, चिठ्ठ्यांचा, कसलाही घरगुती दाखला आहे का कुणाकडे? रविवारी जेवायला येणार आहेत.